शरीरांत शिरणारी बुरशी आणि तिला दाखविणारा प्रकाश

आषाढ लागला कीं बुरशी ही गृहिणीची नित्याची वैरीण होऊन बसते. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशीं पांढरा थर धरतो, शिळ्या भाकरीवर राखी रंगाची लव उगवते, फडताळांतील पोथ्यांना व कातडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांना कुबट वास येऊं लागतो. आपण तो थर काढून टाकतों, पुस्तकें उन्हांत घालतों आणि तेवढ्यावर विषय संपतो. इंग्लंडांतील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६६५ सालीं आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत सूक्ष्मदर्शकांतून दिसलेल्या बुरशीचें जें चित्र दिलें, तें अशाच एका लहान पुस्तकाच्या कातडी वेष्टनावर उगवलेल्या बुरशीचें होतें. ती म्युकर जातीची असावी, असें आजचे जाणकार मानतात. बुरशी आणि प्रकाशयंत्र यांची गांठ साडेतीनशें वर्षांपूर्वीं अशी एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पडली.

याच म्युकरच्या गोत्रांतील बुरशींनीं २०२१ सालीं आपल्याकडे घराघरांत दहशत घातली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंतून उठलेल्या, विशेषतः मधुमेही, माणसांच्या नाकांत, गालाच्या हाडांत व डोळ्याच्या खोबणींत त्या शिरूं लागल्या. त्या वर्षीं मे महिन्यांत केंद्र सरकारनें या रोगाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांस सांगितलें; आणि जुलैपर्यंत देशांत ४५,००० हून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यु नोंदले गेले. रुग्णांचा सर्वांत मोठा आंकडा, नऊ हजारांहून अधिक, आपल्या महाराष्ट्राचा होता. ज्यांचे प्राण वांचले त्यांपैकीं कित्येकांस एक डोळा किंवा वरचा जबडा गमवावा लागला.

१८९४ सालीं डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं रुग्णालय उघडल्यापासून मिरज हें गांव रुग्णांचें तीर्थक्षेत्र झालें आहे. १९६२ सालीं येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पलीकडे बेळगांव-विजापूरपर्यंतचे लोक दुखणें हाताबाहेर गेलें कीं ‘आतां मिरजेस नेऊं’ असें म्हणतात. आमच्या या लेखाचा सारा रोख ‘हाताबाहेर गेलें कीं’ या तीन शब्दांवर आहे. शरीरांत शिरलेली बुरशी दाखविणाऱ्या प्रकाशाच्या नव्या नव्या युक्त्या निघाल्या आहेत व निघत आहेत. परंतु त्यांचा उपयोग होणें न होणें हें रुग्ण त्या दिव्यापर्यंत कोणत्या दिवशीं पोंचतो यावर अवलंबून आहे, आणि तो दिवस डॉक्टर ठरवीत नाहींत, घर ठरवितें.

प्रथम दोन गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ‘काळी बुरशी’ हें नांव पडलें तरी ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते, आंत रक्त गोठतें, आणि रक्त न मिळाल्यामुळें जो भाग मरतो तो काळा पडतो. कांद्याच्या पापुद्र्यावर दिसणारी काळी भुकटी ही निराळ्याच बुरशीची असते. तिच्या धास्तीनें २०२१ सालीं पुष्कळ घरांतून कांदे फेकले गेले, ते व्यर्थ. दुसरें असें कीं हा रोग एका माणसाकडून दुसऱ्यास लागत नाहीं. या बुरशीचीं बीजुकें हवेंत, मातींत व पालापाचोळ्यांत सर्वत्र आहेत आणि आपण तीं रोज श्वासावाटे घेतों. निरोगी माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. मात्र मधुमेह अनावर झाला, रक्तांत आम्ल वाढलें, स्टिरॉइड जातीचीं औषधें पुष्कळ दिवस घ्यावीं लागलीं, किंवा कर्करोगावरील उपचारानें रक्त दुबळें झालें, कीं हे पहारेकरी पेंगतात. शिवाय रक्तांत आम्ल वाढलें असतां, एरवीं बंदिस्त असलेलें लोह मोकळें होतें आणि तें या बुरशीस खाद्य म्हणून उपयोगी पडतें.

आतां निदानाची अडचण काय तें पाहूं. आमच्या न्यायशास्त्रांत पर्वतावरील धूर पाहून अग्नीचें ज्ञान होणें यास अनुमान म्हणतात, आणि डोळ्यांनीं अग्नि पाहणें यास प्रत्यक्ष. बुरशीच्या रोगांत डॉक्टरास प्रारंभीं केवळ धूर दिसतो. नाक चोंदणें, गाल दुखणें, डोकें जड होणें, हीं लक्षणें साध्या सर्दीचींहि असूं शकतात. क्ष-किरणांच्या सीटी यंत्रानें हाडांतील पोकळ्या भरलेल्या दिसतात व हाड झिजलेलें दिसतें. परंतु तें कोणी झिजविलें हें चित्र निश्चयानें सांगत नाहीं. बुरशी खाद्यद्रव्यावर वाढवून पाहावी तर त्यास दिवस लागतात. आणि म्युकरवर्गाचे तंतु इतके नाजूक असतात कीं, नमुना कुटतांना ते मोडतात व पुष्कळदां कांहीं उगवतच नाहीं. कापून काढलेल्या भागाच्या पातळ चकत्या करून, रंगवून पाहणें हा भरंवशाचा मार्ग. पण त्यासहि एखाददुसरा दिवस जातोच.

वाट पाहणें परवडत नाहीं, आणि अंदाजानें औषध देणेंहि परवडत नाहीं. म्युकरवर गुणकारी ठरलेलें मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी हें आहे. दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीच्या कांठच्या मातींतील एका सूक्ष्मजीवापासून तें १९५० नंतरच्या दशकांत मिळालें. तें मूत्रपिंडांस जाचतें. त्याचा सौम्य प्रकार आहे, तो महाग आहे, आणि २०२१ सालीं तर तो मिळेनासा झाला होता. उलट अ‍ॅस्परजिलस नांवाची दुसरी एक बुरशी अशाच तऱ्हेनें नाकांत व फुफ्फुसांत शिरते. तिच्यावर व्होरिकोनॅझोल हें औषध उत्तम चालतें, पण म्युकरवर तें अगदीं निरुपयोगी आहे. म्हणजे शत्रु आहे एवढें कळून भागत नाहीं, तो कोणता हें कळलें पाहिजे. रक्ताच्या कर्करोगासारख्या विकारांनीं ग्रस्त अशा म्युकरच्या रुग्णांविषयीं २००८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना योग्य औषध सहा दिवसांच्या आंत सुरू झालें त्यांपैकीं शंभरांतले सुमारे ४९ दगावले. ज्यांना त्याहून उशीर झाला त्यांपैकीं सुमारे ८३. मधल्या त्या थोड्या दिवसांची किंमत ही अशी आहे.

या अनुमानाचें लवकर प्रत्यक्ष करून देणारा पहिला दिवा समजून घेण्यास सांगलीच्या हळदीचें उदाहरण सोयीचें पडेल. हळदीची चिमूट स्पिरिटांत विरघळवावी आणि अंधाऱ्या खोलींत तिच्यावर जंबुलातीत, म्हणजे अतिनील, किरणांचा दिवा धरावा. दिव्याचे किरण डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहींत, पण हळदीचें पाणी हिरवट-पिवळ्या तेजानें उजळतें. अदृश्य किरण गिळून दृश्य प्रकाश परत देण्याचा हा जो कांहीं पदार्थांचा गुण, त्यास शास्त्रज्ञ स्टोक्स यांनीं १८५२ सालीं फ्लुओरेसन्स हें नांव दिलें. मराठींत त्यास प्रतिदीप्ति म्हणतात. धुतलेलें धोतर शुभ्र दिसावें म्हणून जी पांढरेपणा देणारी पूड वापरतात तिच्यांतहि हाच गुण असतो. ती पूड कापसाच्या धाग्यास चिकटून राहते व उन्हांतील अतिनील किरण गिळून निळसर प्रकाश सोडते, म्हणून कापड अधिक पांढरें भासतें.

याच कुळांतील कॅल्कोफ्लोर व्हाइट नांवाचें एक द्रव्य आहे. कापसाचा धागा ज्या सेल्युलोजचा बनलेला असतो, त्यासारखीच रचना असलेलें कायटिन नांवाचें द्रव्य बुरशीच्या तंतूंच्या भिंतींत असतें. माणसाच्या शरीराच्या पेशींत मात्र या दोहोंपैकीं एकहि नसतें. नाकांतून काढलेला किंवा डोळ्यावरून खरवडलेला कण कांचेवर घ्यावा, तीव्र क्षारानें भोंवतालचें मांस विरवून टाकावें, या द्रव्याचा थेंब सोडावा आणि अतिनील दिव्याच्या सूक्ष्मदर्शकांतून पाहावें, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीचे तेवढे तंतु झगझगीत दिसतात. नुसत्या क्षारांत ते पाहणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें होय. येथें सुई आपण होऊन चमकते. तंतु रुंद, फितीसारखे, मध्यें पडदे जवळजवळ नसलेले आणि काटकोनाच्या सुमारास फांद्या फुटलेले असले तर म्युकरचा संशय बळावतो. ते बारीक, पडद्यांचे, व लघुकोनांत फांद्या फुटणारे असले तर अ‍ॅस्परजिलसचा. हें सारें तासाभराच्या आंत होऊं शकतें. नमुन्यांत कापसाचा एखादा तंतु पडला तर तोहि तितकाच चमकतो, यासाठीं पाहणारा मात्र सरावलेला पाहिजे.

दुसरा दिवा डोळ्याचा आहे, आणि तो कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांतील लोकांस अधिक जवळचा वाटावा. ऊंसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पाला काढतांना किंवा मोळी उचलतांना ती डोळ्यास घासली कीं बुबुळावरील पारदर्शक पटलास, ज्यास कॉर्निया म्हणतात त्यास, ओरखडा पडतो. आणि पानावरील बुरशी त्या वाटेनें आंत शिरते. जंतूमुळें होणारा व्रण आणि बुरशीमुळें होणारा व्रण हे प्रथमदर्शनीं बहुतेक सारखेच दिसतात, पण औषधें सर्वस्वी निराळीं. व्रण वरवरचा असेल तर खरवडून नमुना मिळतो. खोल असेल तर हाताशीं कांहीं लागत नाहीं.

येथें कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक कामास येतो. त्याची मूळ कल्पना अमेरिकेंतील मार्विन मिन्स्की यांची असून त्यांनीं १९५७ सालीं तिच्या हक्कासाठीं अर्ज केला होता. साध्या सूक्ष्मदर्शकांत जाड वस्तु पाहिली तर वरचे-खालचे सर्व थर एकमेकांत मिसळून धूसर दिसतात. मिन्स्कींनीं प्रकाशाच्या वाटेवर सुईच्या अग्राएवढें छिद्र ठेवलें. ज्या थरावर प्रकाश एकवटला असेल त्याच थराचे किरण त्या छिद्रांतून पार होतात, बाकीचे अडतात. मिटलेल्या पोथीचें मधलेंच एखादें पान न उघडतां वाचावें तसा हा प्रकार आहे. कॉर्नियाची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. डोळा बधिर करणारा थेंब घालून यंत्राचें टोंक हलकेंच टेकवितात आणि तांबड्या लेसर किरणानें एकेक थर पाहत जातात. कांहीं कापावें, खरवडावें लागत नाहीं, आणि बुरशीचे तंतु असतील तर ते जिवंत डोळ्यांतच, कांहीं मिनिटांत, पांढऱ्या रेघोट्यांप्रमाणें दिसतात. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयांत झालेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, तीव्र व्रणाच्या रुग्णांपैकीं ज्यांना बुरशी किंवा अमीबा यांचा संसर्ग होता अशा शंभरांतील सुमारें ८६ जणांत ती गोष्ट या यंत्रानें ओळखतां आली. आणि ज्यांना तो नव्हता अशा शंभरांतील सुमारें ८१ जणांविषयीं तसें बरोबर सांगतां आलें.

उरलेल्यांचें काय, असा प्रश्न वाचक करतील व तो योग्यच आहे. वेदान्त्यांचा दोरी आणि साप यांचा दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. कॉर्नियांत मज्जातंतूंचें बारीक जाळें असतें आणि तेंहि यंत्रांत पांढऱ्या रेघांसारखें दिसतें. अननुभवी डोळ्यास ती दोरी साप वाटूं शकते, आणि क्वचित् सापहि दोरी वाटतो. साधे जंतु तर इतके लहान कीं ते या यंत्रांत ओळखूं येत नाहींत. म्हणून जेथें नमुना मिळण्यासारखा आहे तेथें तो घेणें कोणीहि सोडलेलें नाहीं. संगणकास हे तंतु ओळखण्यास शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण त्यास शिकविणारेहि शेवटीं अनुभवी डोळेच आहेत.

याच्या पुढील दिवे अजून प्रयोगशाळेच्या उंबऱ्याशीं आहेत. एडिंबरो व बार्सिलोना येथील संशोधकांनीं २०१६ सालीं असें एक द्रव्य प्रसिद्ध केलें कीं तें अ‍ॅस्परजिलस बुरशीस चिकटल्यावरच उजळतें, एरवीं जवळजवळ अंधारें राहतें. शरीराबाहेर काढलेल्या मानवी फुफ्फुसाच्या तुकड्यांत त्यांनीं ही बुरशी अशी उजळून दाखविली. अशीं द्रव्यें सुरक्षित ठरून, केसासारख्या बारीक प्रकाशनळीच्या साहाय्यानें फुफ्फुसाच्या टोंकापर्यंत नेतां आलीं, तर दुबळ्या रुग्णाच्या छातींत सुई खुपसून तुकडा काढण्याचा प्रसंग टळेल. याहून निराळी एक युक्ति कांहीं शल्यवैद्यांनीं म्युकरच्या शस्त्रक्रियेंत वापरून पाहिली आहे. इंडोसायनीन ग्रीन नांवाचा हिरवा रंग शिरेंतून देतात. जेथपर्यंत रक्त पोंचतें तेथपर्यंतचा भाग अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत चमकतो, आणि बुरशीनें रक्तवाहिनी बंद केलेला मेलेला भाग अंधारा राहतो. आमचे मीमांसक वस्तूच्या न दिसण्यावरून होणाऱ्या ज्ञानास अनुपलब्धि म्हणतात. येथें तेज न दिसण्यावरूनच कोठवर कापावें याचा अंदाज येतो.

या सर्व युक्त्यांची एक मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. दिसणारा प्रकाश मांसांत फार खोल जात नाहीं आणि हाडापुढें तर तो थांबतोच. पारदर्शक कॉर्नियांत तो राजासारखा फिरतो. नाकांत दुर्बिणीच्या नळींतून त्यास न्यावें लागतें. मेंदूकडे निघालेल्या बुरशीचा माग सीटी व एमआरआय यांनींच काढावा लागतो. शिवाय कॉन्फोकल यंत्र महाग असून मोठ्या नेत्रसंस्थांतूनच आढळतें. कॅल्कोफ्लोरचा खर्च त्यामानानें थोडा, कारण मुख्य सामुग्री म्हणजे योग्य दिव्याचा सूक्ष्मदर्शक व तो वापरणारा तज्ज्ञ. आमच्या मतें तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतच्या रुग्णालयांस आधीं हा स्वस्त दिवा मिळावा, महाग यंत्राचा आग्रह मागाहून धरावा.

आतां घराचें कर्तव्य. ज्या घरांत मधुमेही माणूस आहे तेथें ताप आला असतां, किंवा डॉक्टरांनीं स्टिरॉइड दिलें असतां, रक्तांतील साखर वरचेवर मोजावी. आणि चालू औषध आपल्या मनानें बंदहि करूं नये व वाढवूंहि नये. गालाच्या किंवा डोळ्याच्या एकाच बाजूस दुखणें, बधिरपणा अथवा सूज. नाकांतून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव. एकाच्या दोन वस्तु दिसणें. वरचे दांत अकस्मात् हलूं लागणें. टाळूवर काळा डाग. यांपैकीं एकहि लक्षण अशा माणसांत दिसलें तर त्याच दिवशीं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावें, आणि ‘बुरशीची तपासणी हवी का?’ असें विनयानें पण स्पष्ट विचारावें. डोळ्यास पान, कुसळ किंवा माती लागली आणि दुसऱ्या दिवशींहि डोळा लाल राहून टोचत असला, तर नेत्रवैद्याकडे जाऊन काय लागलें तें सांगावें. घरांत उरलेले थेंब, दुकानदारानें दिलेले थेंब, मध, दूध, गुलाबपाणी यांपैकीं कांहींहि डोळ्यांत घालूं नये. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनीं लाली तात्पुरती ओसरते व बुरशीस मोकळें रान मिळतें. बुरशीचा व्रण निघालाच तर नॅटामायसिनचे थेंब प्रारंभीं तासातासानें व पुढें कित्येक आठवडे घालावे लागतात. तें काम घरांतील माणसांनीं पाळ्या लावून करावें.

एकत्र कुटुंबांत एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतों. वडील माणसें दुखणें लपवितात. मुलाच्या कचेरीचा दिवस बुडूं नये, नातवाची परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यांत मंगळागौर आहे, अशीं कारणें त्यांच्याजवळ तयार असतात. सासऱ्यांच्या गालावरील सूज ताट वाढणाऱ्या सुनेस सर्वांआधीं दिसते, परंतु मर्यादेस्तव ती बोलत नाहीं. आणि ती बोलली तर ‘दाढ दुखत असेल’ असें म्हणून सारे आपापल्या कामास लागतात. अशा रीतीनें चार दिवस जातात. वर सांगितलेल्या सहा दिवसांच्या हिशेबांत हे चार दिवस कोणत्याहि यंत्रास भरून काढतां येत नाहींत. तेव्हां सुनेनें ‘मामंजी, आज दाखवून येऊं या’ असें म्हणण्यांत मर्यादेचा भंग मुळींच नाहीं, आणि मामंजींनींहि त्यावर रागावूं नये. दुखणें हाताबाहेर गेल्यावर मिरजेस नेण्याची चाल आपल्या भागांत तीनचार पिढ्यांची आहे. ती आतां तेवढी बदलावी, आणि दुखणें हातांत आहे तोंच रुग्णास मिरजेस न्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.